कंबर दुखतीय, ते ठीक. लघवीचं काय?

काउंटरवर कुणी कंबर धरून आलं की मी पहिला प्रश्न विचारते, आणि तो ऐकून बहुतेक माणसं आधी रस्त्याकडं बघतात, मग शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडं. लघवी नीट होते का? कंबरेचा आणि त्याचा काय संबंध, हे तोंडावर लिहिलेलं असतं. एक तालमीतला गडी तर मला म्हणाला होता, "ताई, गोळी द्यायची तर द्या, हे काय विचारायलाव?"

आमचं मेडिकल सोलापुरात, अशोक चौकाच्या पलीकडं, यंत्रमागांच्या भागात. पाळी सुटली की समोरचा रस्ता भरतो. मागावर तासन्‌तास उभं राहून कंबर धरलेले पुरुष, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायका, हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. त्यात नळाला पाणी काही दिवसांनी एकदा. पाणी आलं की घागरी, बादल्या, पिंपं, जे दिसेल ते भरून उचलायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उसण भरलेली माणसं दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी नंदीध्वजाच्या उंच, जड काठ्या पेलायचा सराव सुरू झाला की तरणी पोरंही येतात. त्यांना गोळी नको असते, "जोरातला स्प्रे" पाहिजे असतो.

एवढ्या कंबरा बघितल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. लोक दुखण्याच्या जोरावर घाई ठरवतात. रात्रभर ओरडायला लावणारी कळ आली की रिक्षा करून दवाखाना गाठतात, आणि कळ जाऊन पाय बधिर झाला की "आता बरं वाटतंय" म्हणून झोपतात. खरं बघायला गेलं तर पहिल्या माणसाला बहुतेक वेळा थांबता येतं, दुसऱ्याला थांबता येत नाही.

आधी थांबता येणाऱ्यांचं सांगते, कारण तेच जास्त आहेत. दोन मणक्यांमधली गादी सरकली किंवा फुगली, तिनं शेजारच्या नसेला दाबलं किंवा डिवचलं, की कळ कंबरेतून कुल्ल्यात, तिथून मांडीमागून पोटरीत आणि पावलापर्यंत जाते. हीच सायटिका. सगळ्यात जास्त त्रास कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्या देतात, त्यामुळं अंगठ्याकडं मुंग्या येणारी आणि करंगळी-टाचेकडं मुंग्या येणारी अशी दोन प्रकारची माणसं मला सारखी भेटतात. वाकलं, खोकलं, शिंकलं की कळ वाढते. भयंकर दुखतं, यात वाद नाही. पण बहुतेकांचं ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बऱ्यापैकी निवळतं. गादीचा बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू स्वतःच आक्रसून टाकतं. पहिले एक-दोन दिवस सोडले तर अंथरूण धरून राहण्यानं फायदा होत नाही, झेपेल तेवढं चालत-फिरत राहिलेलं बरं.

म्हणून पहिल्याच दिवशी "एमआरआय काढू का?" असं विचारणाऱ्यालाही मी डॉक्टरकडं जा, पण घाबरून नको, असंच सांगते. चाळिशीनंतर कंबर कधी दुखलीही नाही अशा कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसते. रिपोर्टातला एखादा इंग्रजी शब्द धरून "मणक्यात गॅप आलाय, आता सगळं संपलं" म्हणणारी माणसं मी बघितली आहेत, आणि तीच माणसं नंतर पंढरीला चालत गेलेलीही बघितली आहेत. एक्स-रेचं तर विचारूच नका. त्यात हाड दिसतं. नस दिसत नाही, गादीही दिसत नाही. तरी ती काळी फिल्म पिशवीतून काढून माझ्यासमोर उजेडाला धरणारे रोज येतात.

आता ज्यांना थांबता येत नाही त्यांचं. मेंदूपासून खाली येणारा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याच्याखाली मणक्याच्या नळीत नसांचा नुसता जुडगा लोंबत असतो. पायाच्या नसा त्यातच, आणि मूत्राशय, गुदद्वार, जननेंद्रिय आणि बसताना जो भाग टेकतो तिथली जाणीव सांभाळणाऱ्या नसाही त्यातच. गादी थोडी एका बाजूला सरकली तर एक नस सापडते, एक पाय दुखतो. पण मोठा तुकडा मधोमध बाहेर आला तर अख्खा जुडगा चेंगरतो. डॉक्टर याला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात. दुर्मीळ आहे, मान्य. पण ज्याच्या वाट्याला येतो त्याच्याकडं आठवडे नसतात, तास असतात. उशीर झाला तर चालणं परत येईलही, लघवी-संडासवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. वय पस्तीस-चाळीस असेल तर पुढची सगळी वर्षं तशी काढायची.

दत्त नगरकडची एक बाई विड्यांचं माप देऊन येताना माझ्याकडं थांबायची. तेलुगू घर, मला अक्का म्हणायची. एका संध्याकाळी तिनं दोन वस्तू मागितल्या: पोट साफ व्हायची पावडर आणि "लघवी सुटायची गोळी". कुणाला म्हणून विचारलं तर नवऱ्याला. नवरा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. मागावर बीम, म्हणजे सुताचा जड रूळ, चढवताना कंबरेत कळ आली होती, एका दवाखान्यात इंजेक्शन झालं होतं. आधी उजवा पाय दुखत होता, मग दोन्ही पाय. "आता दुखणं उतरलंय अक्का, सकाळपासून गप झोपलेत. फक्त लघवीला होईना. पाणी कमी पितात ना."

हे शेवटचं वाक्य ती पाकिटातले पैसे मोजता मोजता बोलली. तिच्या हिशेबात ते वेगळं दुखणं होतं, उन्हाळ्यातलं.

मी तिच्याच फोनवरून त्याला विचारायला गेले तर त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. परक्या बाईला काय सांगणार? मग ती स्वतः तेलुगूत बोलली. बराच वेळ "आँ? आँ?" चाललं होतं. उत्तर आलं ते असं: खाटेवर बसलं की खाली घडी घातलेली चादर ठेवल्यासारखं वाटतं, खाट लागतच नाही. सकाळी संडासला जाऊन आल्यावर धुताना पाण्याचा गारवा कळला नव्हता. लघवी दुपारपासून थेंब थेंब, पण पोटात दुखत नाही.

पोटात दुखत नाही, हेच ऐकून मी शटरकडं बघितलं. साध्या कारणानं लघवी अडली तर माणूस तळमळतो, घरात कुणाला झोपू देत नाही. मूत्राशय तुडुंब भरलंय आणि मालकाला पत्ताच नाही, याचा अर्थ पत्ता सांगणारी नस बंद पडत चालली आहे. ते थेंब म्हणजे लघवी होत नव्हती, भरलेलं भांडं वरून सांडत होतं. पावडर आणि गोळी मी दिली नाही. आमच्या ह्यांना दुकानात बसवलं आणि तिच्याबरोबर गेले. जावं लागलंच असतं, कारण तो गडी "सकाळी बघू" म्हणत होता आणि तिच्या एकटीच्यानं तो उठला नसता.

पुढचं थोडक्यात. नळी घातल्यावर एक लिटरच्या वर लघवी निघाली. एमआरआयमध्ये एल ४ आणि एल ५, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधल्या गादीचा मोठा तुकडा बाहेर आलेला दिसला आणि रात्रीच ऑपरेशन झालं. तो आज मागावर आहे, बीम मात्र उचलत नाही. नळी लगेच निघाली नाही, काही आठवडे गेले. लघवी पूर्ण अडायच्या आधी, नुसती धार मंदावली होती तेव्हाच गेले असते तर हे सोपं झालं असतं, असं सर्जननी सांगितलं. सर्जन मंडळी साधारण २४ ते ४८ तासांचा हिशेब सांगतात, पण तो हिशेब "अजून आपल्याकडं उद्याचा दिवस आहे" असा वाचायचा नसतो. जितकं लवकर तितकं बरं.

तेव्हापासून माझे प्रश्न जास्तच सरळ झालेत. लघवी लागल्याचं कळतं का, सुरू करायला जोर लावावा लागतो का, धार मंदावली का, झाल्याचं कळतं का. संडास नकळत होते का. बसायच्या जागी, दोन मांड्यांच्या मध्ये, पुढं-मागं बधिर वाटतं का. आणि ते कळत नसेल तर धुताना हाताचा स्पर्श लागतो का, हे आठवून बघा म्हणते. कळ आधी एका पायात होती ती दोन्ही पायांत आली का. नवरा-बायकोच्या संबंधात जाणीव गेली का, हाही खरा प्रश्न आहे, आणि तो मी पुरुषांना विचारू शकत नाही, खोटं कशाला बोलू? बायकांना विचारते, काउंटरच्या आत बोलावून. यातलं एकही "हो" नव्यानं, गेल्या काही तासांत किंवा दिवसांत सुरू झालं असेल तर गोळी-बिळी काही नाही, त्याच वेळी मोठं हॉस्पिटल.

"नव्यानं" हा शब्द मी मुद्दाम जोर देऊन म्हणते. साठीच्या पुढच्या पुरुषांची धार प्रोस्टेटमुळं वर्षानुवर्षं बारीक असते. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांना खोकताना थेंब गळतात. त्यांनी घाबरायचं कारण नाही. पण तेही नेहमीपेक्षा बदललं आणि सोबत पाठ-पाय दुखत असतील, तर "मला तर आधीपासूनच आहे" म्हणून सोडून द्यायचं नाही. नसांच्या दुखण्यावरच्या आणि जोरदार वेदनाशामक गोळ्यांपैकी काहींनी लघवी अडते, बद्धकोष्ठही होतं, हे मला चांगलं माहीत आहे. तरी "गोळीमुळं असेल" हा निकाल घरी बसून लावायचा नसतो. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी लावायचा.

पायातली ताकद ही दुसरी गोष्ट. दुखतंय म्हणून पाय उचलवत नाही हे वेगळं, आणि दुखणं कमी असूनही पाय ऐकत नाही हे वेगळं. घरात भिंतीचा आधार घेऊन आधी टाचांवर चार पावलं टाकायची, मग चवड्यांवर. एक बाजू सारखी खाली पडते का बघायचं. आमच्याकडं चप्पल चांगली परीक्षा घेते. चालताना चप्पल निसटते आणि धरून ठेवता येत नाही, म्हणजे पावलाची ताकद गेली. चप्पल मागं राहिली आणि चार पावलं गेल्यावर दुसऱ्यानं सांगितलं, म्हणजे जाणीव गेली. पाऊल लोंबायला लागलं किंवा कालच्यापेक्षा आज ताकद कमी वाटली, तर लघवी ठणठणीत असली तरी त्याच दिवशी दाखवायचं.

नसेचं सोडून कंबर आणखी काही कारणांनी घाई करायला लावते. ताप आणि पाठदुखी एकत्र, विशेषतः मधुमेह असलेल्या, डायलिसिसवर असलेल्या किंवा बरेच दिवस स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाला: मणक्यात पू झालेला असू शकतो. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरतंय आणि पाठ आडवं झालं तरी दुखते: मणक्याचा टीबी बघायला हवा. त्याला खोकला लागतोच असं नाही, हे लोकांना पटतच नाही. कॅन्सरचे उपचार झालेल्या माणसाची नवी पाठदुखी उसण समजू नये. वरून पडलेला, गाडीवरून उडालेला माणूस आणि पाठीत दुखणारा: त्याला ओढून रिक्षात बसवू नका, १०८ ला फोन करा. हाडं ठिसूळ झालेल्या म्हातारीला नुसतं खाली बसताना आपटलं तरी मणका दबतो. आणि पाय अचानक गार, पांढुरका पडून ठणकायला लागला तर ती नस नाही, रक्ताची वाट बंद झालेली असते, तिथंही तासांचाच हिशेब. याउलट कमरेच्या एकाच बाजूनं पट्ट्यासारखी आग आणि दोन-तीन दिवसांनी पुरळ, म्हणजे बहुधा नागीण. तीही लवकर दाखवावी, औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर उपयोग जास्त.

पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याबद्दल मला नेहमी विचारतात. आमच्या गल्लीत एक पायाळू आजी होत्या, सकाळी त्यांच्या दाराशी रांग असायची. स्नायू धरलेला असेल तर तो तसाही दोन-चार दिवसांत सुटतो, श्रेय आजींना मिळायचं, आणि त्या चहा पाजायच्या, त्यामुळं माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार पाठीवर उभं राहून तुडवणाऱ्यांबद्दल आणि "कट्" आवाज काढून मणका बसवून देणाऱ्यांबद्दल आहे. पाय बधिर असताना, ताकद कमी असताना हे कुणाकडूनही करून घेऊ नका. मालिश, शेक, पट्टा, मानेच्या-कंबरेच्या वजनांचं ट्रॅक्शन, हे सगळं वरच्या प्रश्नांची उत्तरं "नाही" आल्यानंतरचं.

गोळ्यांबद्दल दोन शब्द, कारण धंदाच तो. रिकामं पाकीट दाखवून "हीच द्या, दहा दिवसांची" म्हणणाऱ्याला मी चिठ्ठी मागते आणि शिव्या खाते. वेदनाशामक गोळ्या पोट आणि किडनी दोन्हीवर जातात. सोलापूरचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर, अंगात पाणी कमी, त्यात बीपी किंवा साखर, आणि रोज दोन-दोन गोळ्या: किडनीला यापेक्षा वाईट काय पाहिजे? शिवाय गोळीनं कळ झाकली जाते, बधिरपणा जात नाही. इंजेक्शननंतर शांत झोप लागली म्हणून दाबलेली नस सुटली असं होत नाही.

रात्री जायची वेळ आलीच तर दारात काय बोलायचं हे ठरवून जा. "कंबर लई दुखायलीय" म्हटलं की तुम्ही कंबरेच्या रांगेत जाता, आणि ती रांग मोठी असते. पहिलं वाक्य हे म्हणा: "पाठ-पाय दुखतायत, दुपारपासून लघवी होत नाही आणि बसायची जागा बधिर आहे." लाज वाटत असेल तर कागदावर लिहून तो कागद पुढं करा, बायकोनं सांगितलं तरी चालतं. डॉक्टर तिथली जाणीव टाचणीनं आणि गुदद्वाराची पकड बोटानं तपासतील. ती तपासणी नको म्हणू नका, त्यावर बरंच ठरतं. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली हे सोनोग्राफीत दिसतं. २०० मिलिलिटरच्या वर उरली असेल तर संशय वाढतो. पण निकाल एमआरआयवर.

निघण्याआधी एक फोन करून विचारा: रात्री एमआरआय चालू असतो का, आणि मणक्याचे किंवा न्यूरोसर्जन येऊ शकतात का. दोन्ही नसलेल्या ठिकाणी सलाइन लावून सकाळपर्यंत पडून राहण्यापेक्षा दोन्ही असलेल्या ठिकाणी थेट गेलेलं बरं. आपल्याकडं सिव्हिल आहे, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. खासगी हॉस्पिटलंही आहेत. "पुण्याला नेऊ, तिकडं ओळखीचे आहेत" हा विचार लगेच येतो, पण पुणं अडीचशे किलोमीटर आहे आणि गाडी ठरवण्यातच दोन तास जातात. गावात होणार असेल तर गावात करा. महात्मा फुले योजनेत बसतं का ते तिथंच विचारा, आधार आणि रेशन कार्ड बरोबर ठेवा. वाटेत काही खाऊ नका, ऑपरेशन ठरू शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, हृदयाजवळ पेसमेकर असेल तर ते न विचारता सांगा. चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत टाका, नावं आठवत बसू नका.

ऑपरेशन झालं की सगळं जागेवर आलं असंही नसतं. पाय आधी सुधारतो, मूत्राशयाला महिने लागतात, कधी वर्षाच्या पुढंही सुधारणा होत राहते. काहींना स्वतःच नळी घालून लघवी काढायला शिकवतात. ऐकायला भीती वाटते, पण बायका घरकाम सांभाळून तेही जमवतात आणि किडनी वाचते. टाचेला, तळव्याला जाणीव कमी असेल तर भाजलेलं कळत नाही, म्हणून उन्हाळ्यात डांबरावर अनवाणी नको आणि रोज रात्री तळवे बघायचे. दत्त नगरच्या बाईनं नंतर एकदा दुकानात गर्दी नसताना विचारलं होतं, बाकी सगळं झालं, पण त्यांच्यातलं ते काही परत आलं नाही, त्याला औषध असतं का. असतं. युरॉलॉजिस्टकडं जायचं आणि याच शब्दांत विचारायचं, असं तिला सांगितलं. दोघं मिळून जाऊन आले.